झुंबरशेठचे दोनशे गज

जाफराबादहून भोकरदनला जायचं तर माणूस बैलगाडी जुंपी, नाही तर मोटारीची वाट पाही. झुंबरशेठ धावत जात. तेही भोकरदनला काडीचं काम नसताना. तिथं पोचून ते वेशीच्या दगडाला हात लावत, तांब्याभर पाणी पीत आणि आल्या वाटेनं धावत परत येत.

झुंबरशेठ कापडाचे व्यापारी. त्यांचं घराणं चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं. वय अठ्ठेचाळीस. कापड मोजायचा लोखंडी गज उभा करून त्याला गुलाबी पगडी घातली तर जसा दिसेल, तसे ते दिसत. पळतानाही ती पगडी डोक्यावर, धोतराचा काचा मारलेला आणि पाय अनवाणी. मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो आणि शेठच्या दुकानामागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. म्हणजे हा देखावा मला रोज फुकट.

या वेडाचं मूळ माझ्याच तोंडात होतं. एकदा दुकानाच्या ओट्यावर बसून मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होतो. परदेशात माणसं सव्वीस मैल पळतात, अशी बातमी होती. शेठनी थान गुंडाळायचं थांबवलं.

"मास्तर, त्यांच्या मागं कोन लागलं होतं?"

कोणी नाही, मी म्हणालो.

"मंग तर पळून पाहावंच लागंल," शेठ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना निघाले.

दोन वर्षं हा माणूस पळाला. थंडीत पळाला, उन्हाळ्यात पळाला, काळ्या मातीचा चिखल पायाला दोन-दोन शेर चिकटतो तेव्हाही पळाला. आणि वाटेत कोणी दिसलं की थांबला. हे त्यांचं खास. समोरून शेतकरी आला, की शेठ उभे राहून हात जोडत, "राम राम" म्हणत. कापूस वेचणीला आला का, लेक बाळंतपणाला आली का, सगळं विचारत. उत्तर पुरतं ऐकून घेत आणि मग मघाच्याच वेगानं पुढं सुटत. शर्यतीत असं थांबून चालणार नाही, असं मी सांगून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या समोरून मुकाट्यानं पळालो तर लोक म्हणतील, शेठ तोंड चुकवून राह्यला."

इतकं थांबूनही ते दुपारच्या आत घरी परत येत. मी खिशातलं घड्याळ काढून पाही आणि माझा त्यावरचा विश्वास उडे.

अशात बातमी आली की माघात जालन्याला सव्वीस मैलांची शर्यत आहे. गावाला वाटलं, झालं, शर्यत आपलीच. समोरच्या ओट्यावर रहीमभाई शिंप्याचं मशीन होतं. त्यांनी शेठसाठी मांडीला न घासणारी चड्डी शिवली. शेठनी ती हात जोडून स्वीकारली आणि कधीही घातली नाही.

त्या दिवाळीत शेठच्या पत्नी, कस्तुरभाभी, आजारी पडल्या. ताप उतरला, पण कमरेखालचं अंग गेलं. जालन्याहून डॉक्टर आले. पाय परत येतील असं काही ते बोलले नाहीत. शेठनी भाभींचा पलंग माडीवर, पेठेकडच्या खिडकीशी नेऊन ठेवला.

त्यानंतर आठ दिवसांनी त्यांनी दुकानात जाहीर केलं, की जालन्याची शर्यत रद्द. सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेतर्फे गावातल्या मोठ्या माणसांची दोनशे गजांची शर्यत व्हायची, तिच्यात ते पळणार.

गाव गप्प राहिलं असतं तर ते गाव कसलं? भोकरदन गाठणारा माणूस आता पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणार, यावर महिनाभर चहा प्यायला गेला. रहीमभाई तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाले, "सेठ, शेर थे, बकरी हो गए." शेठ नुसते हसले. मी घरी खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "एवढी एक शर्यत मला चांगली पळायची हाये, मास्तर. बिलकुल चांगली."

शिवाय ती शाळेच्या मैदानावर होऊ नये, पेठेत व्हावी, असा त्यांनी हट्ट धरला. मैदान गावाबाहेर होतं आणि चांगलं सपाट होतं. पेठेत दगड, शेणाचे पो आणि रहीमभाईंची बकरी. पण शेठ हेडमास्तरांपाशी तीन वेळा जाऊन बसले. न बोलता बसले. चौथ्या वेळी हेडमास्तरांनी हात टेकले. शर्यत वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत ठरली.

सराव मी घेत होतो. वाचकहो, ताड वाकवून त्याचं धनुष्य करणं सोपं आहे. मी "पळा" म्हणायचो आणि शेठ भोकरदनच्या चालीनं निघायचे. "माझं अंग पाचव्या मैलाला जागं होतं, मास्तर. दोनशे गजांत मी अजून अंथरुणातच ऱ्हातो," असं त्यांचं म्हणणं. तरी त्यांनी अंग जागं केलं. उजाडताच शंभर बैठका, मग गावाबाहेर शाळेच्या मैदानावर दोनशे गजांच्या दहा फेऱ्या. पौष संपायच्या आत मैदानावरची धूळ त्यांच्यामागं उठू लागली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लांब पल्ल्याचं हाडपेर मोडून नवं घडवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. टाळ्या वाजवायच्या की दंडवत घालायचा, मला कळेना.

एकच रोग जाईना. राम राम. पेठेच्या दोन्ही बाजूंना गिऱ्हाइकं, शेजारी, सोयरे. पेठेत एकदाच चाचणी घेतली, तर शेठ चार ठिकाणी थांबले आणि दुकानाच्या अलीकडूनच माघारी फिरले. रहीमभाई ओरडले, "सेठ, दौड लगा रए या ईद मिल रए?"

यावर शेठनी काढलेला तोडगा ऐका. शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी ते पगडी नीट बांधून निघाले आणि पेठेतल्या एकूण एक दारात गेले. "उद्या पळताना बोलता येनार न्हाई. उद्याचा राम राम आजच घ्या." रहीमभाईंना आगाऊ सलाम दिला. तेलिणीच्या म्हाताऱ्या सासूला वाटलं, शेठ कायमचे काशीला चालले. तिनं डोळ्याला पदर लावून झालं-गेलं विसरा म्हणून सांगितलं. तिची समजूत घालण्यात अर्धा तास गेला. शेवटी माझ्या खोलीत येऊन त्यांनी मलाही राम राम दिला आणि म्हणाले, "आता मोकळा झालो."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि आठ माणसं वेशीत उभी राहिली. त्यांत जिनिंगमधला नाथा हमाल होता, बावीस वर्षांचा, मांड्या खांबासारख्या. त्याच्याकडून हरले तर शेठना पेठेत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. मी पारापाशी सुतळीचं टोक धरून उभा होतो.

इशारा झाला. पहिले पन्नास गज नाथा पुढं होता. मग ती गुलाबी पगडी गर्दीतून सुटली. मी सुतळी ताणून धरली. शेठ पळत नव्हते, वाहत होते. दोन्ही ओट्यांवरून माणसं राम राम करत होती आणि शेठ कोणाकडेही बघत नव्हते. नाथा चार हात मागं पडला, मग सहा हात. सुतळी तीस गजांवर राहिली.

तिथं शेठचं दुकान होतं. शेठ थांबले.

ठेच लागली नव्हती, दम गेला नव्हता. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, माडीच्या खिडकीकडे वळले आणि त्यांनी हात जोडले.

"राम राम, कस्तुर."

सहा वर्षांत त्या घरात मी शेठच्या तोंडून हे नाव ऐकलं नव्हतं. त्या काळी त्या घरांत नवरा चार माणसांत बायकोशी बोलतही नसे. नाथा बाजूनं गेला. मग बाकीचे सहा गेले. शेठ आठवे आले. पेठेत कोणी हसलं नाही. रहीमभाईंच्या तोंडातल्या टाचण्या तोंडातच राहिल्या.

मला मात्र संताप आला होता. त्यांच्या मागोमाग जिना चढत मी म्हणालो, जिंकलेली शर्यत घालवलीत. शेठ धापा टाकत म्हणाले, "समद्यांना काल दिला होता, मास्तर. हिचा ऱ्हायला होता."

भाभी पलंगावर लोडाला टेकून बसल्या होत्या. घुंगट हनुवटीपर्यंत. माझ्याशी त्या पूर्वी कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या.

"मास्तरजी, दोन वर्षं ह्यांना दारातून जाताना पाहिलं, दारातून येताना पाहिलं. पळताना आज पाहिलं."

शेठ खिडकीच्या गजाशी उगीच काही चाचपत उभे होते. पलंगापासून दोन हातांवर. भाभी पुन्हा म्हणाल्या, "मास्तरजी, त्यांना विचारा, उद्या पळतील का?"

मी शेठना विचारलं.

"सांगा त्यांना," शेठ खाली पेठेकडे पाहत मला म्हणाले, "रोज. दुकान उघडायच्या आधी."

मी सांगितलं.