पांढऱ्या माळावरचा मौनीबाबा

दौंडपासून शिरूरपर्यंतचा रस्ता मला विचारा! डांबरी नव्हे हो, डांबरीनं कुणीही जातं. मी म्हणतो तो आडरस्ता. भीमा होडीतून ओलांडायची, सायकल खांद्यावर घ्यायची, आणि मग माळामागून माळ! पांढरेफटक, चुनखडीचे, पालथ्या घातलेल्या पातेल्यांसारखे. एक चढायचा, एक उतरायचा. निदान मी पार्सल ऑफिसात सगळ्यांना असंच सांगत असे. स्वतः त्या माळांवर पाय ठेवला नव्हता ही गोष्ट वेगळी!

रेल्वेच्या संपाचं वर्ष होतं. मार्गशीर्षात माझ्या मेव्हण्याचा, म्हाळूचा, साखरपुडा ठरला. सासुरवाडी न्हावऱ्याच्या पलीकडं, शिरूरच्या वाटेवर. बायको चांगुणा म्हणाली, "पहाटंच्या एस.टी.नं जाऊ."

"एस.टी.?" मी हसलो. "एस.टी. म्हाताऱ्यांसाठी! तू जा पोरांना घेऊन. मी सायकलीनं येतो. तू उतरशील तेव्हा मी तुझ्या आईच्या हातचा चहा पीत बसलेला असेन."

"अवो, पण वाट ठावं हाय का?"

"वाट? मला?"

 चांगुणानं नुसता पदर सावरला.

सायकल सिद्दीकच्या दुकानात होती. सिद्दीक म्हणाला, "बबनभाऊ, मागचा ब्रेक लागत न्हाई. आजच्या दिस ठिवून जा."

"ब्रेक भित्र्या माणसाला लागतो, सिद्दीक!" असं म्हणून मी टांग मारली. दुकानातली चार माणसं हसली. मला वाटलं, कौतुकानं!

पहिला माळ चढलो. छाती भात्यासारखी हलत होती, पण चढलो. दुसरा चढलो. तिसऱ्यावर सायकलच मला चढवून घेईना, तेव्हा मी तिला ढकलत नेलं. चौथ्याच्या माथ्यावर उभा राहिलो आणि पाहतो तर चारी दिशांना तेच पांढरे माळ! न्हावरं कुठं, दौंड कुठं, काही पत्ता नाही. मग मी पुढाऱ्यासारखा निर्णय घेतला. उतार दिसेल तिकडं जायचं!

उतार चांगला होता. फारच चांगला होता! सायकल सुटली ती सुटलीच. पुढचा ब्रेक दाबला, तो तारेसकट हातात आला. खाली गावकऱ्यांनी घरं सारवायला पांढरी माती खणून केलेला मोठा खड्डा होता. तो मला दिसला आणि मी त्याला दिसलो. पुढचं चाक काठावर थांबलं, मी नाही थांबलो!

आत पडलो तेव्हा कॅरिअरला बांधलेली पाण्याची कळशीही माझ्यावरच आली. पाणी, घाम आणि चुनखडीची भुकटी यांचा असा काही गिलावा झाला की डोक्यापासून नखापर्यंत मी नुकती रंगवलेली भिंत! सदरा फाटून मागं राहिला. पाठ सोलवटली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पडताना जीभ दातांखाली आली. बघता बघता ती सुजून वांग्याएवढी झाली. "आई गं" म्हणायला गेलो तर "आआ अअ" एवढंच निघालं.

कसाबसा वर आलो. जवळच एक निंब होता. त्याच्याखाली बसलो. पाठ टेकवता येईना म्हणून ताठ बसलो, गुडघा दुखत होता म्हणून मांडी घातली, आणि उन्हानं डोळे मिटले. आता सांगा, यात माझा काय दोष?

"अगं बया!"

डोळे उघडले. समोर पाटी घेतलेली एक बाई. पांढरी माती न्यायला आली असावी. पाटी टाकून तिनं हात जोडले.

"महाराज, कुठनं आलात?"

बोलता येईना. मी ज्या माळावरून पडलो होतो तिकडं बोट केलं. ते जरा जास्तच वर गेलं.

"वरनं!" बाई किंचाळली आणि गावाकडं धावत सुटली.

थोड्या वेळात दहाबारा बायका आल्या. त्या पाटीवालीला सगळ्या सोजरबाई म्हणत होत्या. ती पुढं होऊन सांगत होती, "मौन हाय बाबांचं! नुस्तं आभाळाकडं बोट करत्यात!" कुणी दूध आणलं, कुणी केळी. मी नको म्हणायला हवं होतं. पण सकाळपासून पोटात कण नव्हता. मी दूध प्यालो. दोन केळीही खाल्ली, जीभ दुखत होती तरी. मग एकीनं पायावर डोकं ठेवलं, दुसरीनं ठेवलं. आणि खरं सांगू? पाय मागं घ्यायचं मनातच आलं नाही!

इतक्यात गर्दी बाजूला झाली. "व्हा बाजूला, म्हातारीला येऊ द्या." काठी टेकत एक म्हातारी पुढं आली, आणि माझ्या अंगावरच्या गिलाव्याला तडे जायची वेळ आली. झुंबरबाई! माझी सख्खी सासू! म्हणजे मी गावाच्या मागच्या अंगानं सासुरवाडीतच येऊन पडलो होतो!

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी चाचपडत माझे पाय धरले. जावयाचे पाय! मी डोळे घट्ट मिटले. जमीन दुभंगावी म्हणून वाट पाहिली. ती चुनखडीची, कशाला दुभंगते!

"बाया हो, तुमी जरा लांब व्हा," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात मला म्हणाल्या, "बाबा, आज पोराचा साखरपुडा हाय. पोरगी शिरूरची, शिकल्याली. समदी म्हणत्यात लई ग्वाड हाय. पण मला रातच्याला झोप न्हाई. ती आल्यावर पोरगं माझं ऱ्हाईल का? धनी गेल्यापास्नं त्याच्याच तोंडाकडं बघून जगले. लेक हाय, पण ती दौंडाला. तिच्याजवळ बोलावं तर ती जिवाला लावून घेती. म्या कुणाला इचारू? सांगा, करू का न्हाई ही सोयरीक?"

ही सासूबाई मला कधी भेटलीच नव्हती. मला भेटायची ती "या जावईबापू, बसा जावईबापू" म्हणणारी. आता काय करावं? उठून पळावं? मी विचार करत होतो, तेवढ्यात नाकावर एक गोमाशी येऊन बसली. अशी चावली म्हणता! मी मान जोरजोरात हलवली. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं!

सासूबाईंना तेवढं दिसलं. त्यांचा चेहरा पडला. "न्हाई म्हंता? बरं बाबा." आणि त्या काठी टेकत निघून गेल्या.

मला वीज लागल्यासारखं झालं. म्हाळूचा साखरपुडा एका गोमाशीनं मोडला! मी उठलो आणि लंगडत गावाकडं धावलो. मागून सगळ्या बायका, "बाबा निगालं! बाबा निगालं!"

दारात पोचलो तर मांडवात रणधुमाळी. मुलीचे मामा, शिरूरचे रखमाजी, टोपी घालून उठलेले. म्हाळू खांबाला धरून रडकुंडीला आलेला. चांगुणा आईची समजूत घालतेय. आणि सासूबाई एकच घोष लावून बसलेल्या, "बाबांनी न्हाई म्हटलंय!"

"कुठला बाबा?" रखमाजी ओरडले. "बोलवा त्याला!"

आणि मी आत शिरलो!

सोजरबाईंनी मागून "बाबा!" म्हटलं, आणि सगळा मांडव उठून उभा राहिला. रखमाजींनी टोपी काढून माझ्या पायावर डोकं ठेवलं!

"ई अअअ!" मी ओरडलो. मला 'मी बबन' म्हणायचं होतं.

"मंतर! मंतर हाय!" सगळ्यांनी हात जोडले.

पळून गेलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. वाटही मोकळी होती. पण सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, डोळे पुसत. म्हाळू माझ्याकडं असा बघत होता, जसा मी त्याच्या गळ्याला फास लावणार आहे. अंगणात बैलांची दगडी डोण होती, पाण्यानं भरलेली. मी तिच्यापाशी गेलो, आणि पाव्हण्यांच्या, भावकीच्या, पोरांच्या, सगळ्यांच्या देखत डोकं आत बुडवलं. चोळ चोळ चोळलं. पाणी ताकासारखं झालं. बैलानं तोंड फिरवलं.

डोकं वर काढलं तेव्हा पहिल्यांदा चांगुणाचा आवाज आला.

"अगं बाई! हे तर आमचं धनी हायती!"

मी सासूबाईंसमोर गेलो. हातानं नाक दाखवलं, गोमाशी कशी उडते ते दाखवलं, मान कशी हलली तेही दाखवलं. मग म्हाळूकडं बोट करून मान जोरात वरखाली केली, आणि सासूबाईंचे पाय धरले.

रखमाजी माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. "आवो झुंबरबाई," ते हसता हसता म्हणाले, "बाबा तर डोणीत इरगळला! आता जावई उरला. जावयाच्या मान हलवन्यावर कुणी सोयरीक मोडतं व्हय? बसा सगळी! साखर आना!"

साखरपुडा झाला. सगळे हसत होते. चांगुणा तर इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी एकटा मागच्या पडवीत पोत्यावर बसलो होतो. पंगतीत जायचं तोंड नव्हतं, आणि होतं त्यात जीभ मावत नव्हती.

सासूबाई काठी टेकत आल्या. हातात तुपाची वाटी आणि कापूस. माझ्याशेजारी बसल्या. मी मान खाली घातली. म्हटलं, आता बोलणार.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "त्या निंबाखाली बोलले ना, लई हलकं वाटलं बगा. तुमच्यासंगं असं बोलावं म्हनून लई येळा बसले होते म्या. पर तुमचंच कवा संपायचं न्हाई."

मी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्यांनी तुपाचा बोळा नेमका आत कोंबला.