दोन किल्ल्यांचा संगणक

"पाठ फिरवा," बाई म्हणाल्या.

कॅशियरसाहेबांनी पाठ फिरवली आणि खबरदारी म्हणून डोळेही मिटून घेतले. मागे कळा खटखटल्या आणि संगणक उघडला. रोज सकाळी चहा झाला की त्या घरात हा कार्यक्रम व्हायचा. आधी साहेब पासवर्डचा आपला अर्धा भाग टाकायचे, तेवढा वेळ बाई खिडकीबाहेर बघायच्या. मग बाई आपला अर्धा टाकायच्या, तेव्हा साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण एकाचा अर्धा दुसऱ्याला माहीत नव्हता. साहेब याचा उल्लेख पाहुण्यांसमोर मुद्दाम करत.

साहेब बँकेत हेड कॅशियर होते. निवृत्त झाले तरी सगळी इमारत त्यांना कॅशियरसाहेबच म्हणायची. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्यांच्याकडे आणि दुसरी मॅनेजरकडे असे. एका किल्लीने तिजोरी उघडत नाही आणि एका माणसाच्या हाती दोन्ही किल्ल्या पडत नाहीत, या एका नियमावर त्यांनी नोकरी निष्कलंक पार पाडली होती. मॅनेजर आले आणि गेले, पण साहेबांच्या तिजोरीला कोणाचा हात लागला नाही. मग घरी संगणक आला, वर्तमानपत्रात रोज कोणी ना कोणी ऑनलाइन लुबाडलं गेल्याच्या बातम्या यायला लागल्या, आणि साहेबांनी पुन्हा कंबर कसली.

वायफायचा पासवर्ड त्यांनी इतका अवघड केला की पाहुण्यांनी तो मागणंच सोडून दिलं. पेन ड्राइव्हला घरात बंदी होती, कारण कुठल्या कुठल्या संगणकांची लागण घेऊन येतो तो. अनोळखी मेलमधल्या दुव्याला ते विस्तवासारखं लांब ठेवत. एकदा एका भामट्याने 'बँकेतून बोलतोय' म्हणून फोन केला. साहेबांनी त्याला शाखा विचारली, हुद्दा विचारला, सकाळी रोकड कोण मोजतं ते विचारलं, आणि कॅश काउंटरच्या शिस्तीवरून असं काही फैलावर घेतलं की शेवटी त्या बिचाऱ्यानेच "माफ करा काका" म्हणत फोन ठेवला. तेव्हापासून इमारतीत कोणाच्याही संगणकाला शिंक आली की लोक साहेबांचं दार वाजवत.

पण ही सगळी तटबंदी कशासाठी, तर बाईंच्या कोळ्यांसाठी. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. घड्याळामागे आणि गॅलरीच्या छताला राहणाऱ्या कोळ्यांचं त्या वर्षानुवर्षं निरीक्षण करत आल्या होत्या. त्या कोपऱ्यांत झाडू फिरवायला सक्त मनाई होती. शेजारणी नाकं मुरडायच्या. बाई फोटो काढायच्या, टिपणं करायच्या आणि ती संगणकात ठेवायच्या. आज त्या कामाचं चीज होणार होतं. कॉलेजच्या सभागृहात कोळ्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ जमले होते आणि त्यांच्यासमोर बाईंचं व्याख्यान होतं. एका निवृत्त शिक्षिकेचं, घरातल्या कोळ्यांवर! साहेबांचा ऊर सकाळपासून असा भरून आला होता की शर्टाचं वरचं बटण त्यांनी लावलंच नाही.

"फोटो आत्ताच पाठवून टाकू का त्यांना?" बाईंनी निघताना विचारलं.

"छे! काउंटर उघडायच्या आधी रोकड बाहेर काढतात का कधी?" साहेब म्हणाले. "तू जा. सगळं तयार आहे, फक्त एक बटण दाबायचंय. तुझ्या आधीच्या वक्त्याचं सुरू झालं की मी पाठवतो. तोपर्यंत मी इथून हलत नाही."

बाईंनी संगणकाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

साहेब डोळ्यांत तेल घालून पहारा देत बसले. दुपार कलली आणि बेल वाजली. दारात समोरच्या घरातले दातांचे डॉक्टर उभे होते.

"कॅशियरसाहेब, माझ्या कॉम्प्युटरवर सारखं काहीतरी लाल लाल येतंय. जरा सांगता का?"

"पासवर्ड काय ठेवलाय तुम्ही?"

"माझाच मोबाइल नंबर."

"आणि तो दवाखान्याच्या पाटीवर रंगवलेला आहे!" साहेबांनी कपाळाला हात लावला. "डॉक्टर, लोकांच्या दातांची कीड काढता आणि आपल्या घराला दारच नाही?"

मग काय विचारता! पासवर्ड लांब का असावा, प्रत्येक ठिकाणी वेगळा का असावा, अपडेट आलं की 'नंतर' का म्हणू नये, अशी साहेबांची गाडी सुटली. दारातच, उभ्या उभ्या. डॉक्टर रुग्णांना तोंड उघडं ठेवून ऐकायला लावत. आज स्वतः तसेच ऐकत होते. दोन किल्ल्यांपर्यंत विषय आला तेव्हा साहेबांना राहवेना. "या, दाखवतोच," म्हणत ते त्यांना आत घेऊन गेले, आणि जागच्या जागी थिजले.

संगणकाला कुलूप लागलं होतं. जागेवर कोणी नसलं की पडदा आपोआप बंद व्हावा, ही सोय खुद्द साहेबांनीच केली होती.

"मग उघडा की," डॉक्टर म्हणाले.

"दुसरी किल्ली सभागृहात आहे."

साहेबांनी बाईंना फोन लावला. बाई सभागृहाच्या दारापाशी येऊन दबक्या आवाजात बोलल्या. "अहो, पाठवलेत का? पुढचा नंबर माझाच आहे. काय झालं? बंद पडलाय? मग ऐका, लिहून घ्या, माझा पासवर्ड—"

"फोनवर बोलू नकोस!" साहेब ओरडले आणि त्यांनी फोन कापला. तो लगेच पुन्हा वाजला. बाई घाबरून सगळं बोलून टाकतील या धास्तीने साहेबांनी फोन सरळ बंदच केला.

"अहो, वहिनीच होत्या ना?" डॉक्टर चक्रावले.

"फोन तिचा आहे, पण मधली तार कोणाची? डॉक्टर, आता तुम्हीच जायचं. चौक ओलांडला की सभागृह. तिचा अर्धा ऐकून यायचा, लिहायचा नाही, वाटेत कोणाशी बोलायचं नाही. तुमच्यावर माझा भरवसा आहे. इतक्या लोकांच्या तोंडात डोकावलात, पण कोणाचं काही बाहेर फोडलं नाहीत."

डॉक्टर आले होते स्वतःच्या कॉम्प्युटरचं दुखणं घेऊन. निघाले स्कूटरवरून बाईंचा पासवर्ड आणायला. परत आले ते लाजल्यासारखे, घसा खाकरत.

"वहिनी म्हणाल्या... म्हणजे मी फक्त निरोप्या आहे, हां. त्यांचं वाक्य असं आहे: 'ह्यांना कळता कामा नये'. इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता."

डॉक्टरांना वाटलं, आता स्फोट होणार. पण साहेबांचा चेहरा उजळला. "बघितलंत? एकाचा भाग दुसऱ्याला कळता कामा नये, हा आमच्या बँकेचा पहिला नियम. हिने नियमाचाच पासवर्ड केला! आणि लांबी बघा. असला पासवर्ड फोडायला चोराचा जन्म जायचा."

"आणि म्हणाल्या, फक्त एवढंच टाका."

"एवढंच म्हणजे तिचा तेवढाच. माझा माझ्यापाशी आहे."

"तसं नाही, त्यांनी जरा जोर देऊन सांगितलं, फक्त—"

"डॉक्टर, एका किल्लीने तिजोरी उघडत नाही. पाठ फिरवा."

डॉक्टरांनी पाठ फिरवली. साहेबांनी आपला अर्धा टाकला, मग बाईंचा टाकला आणि ऐटीत कळ दाबली. पासवर्ड चुकीचा.

साहेबांनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर बोटाने हेरून पुन्हा सगळं टाकलं. पुन्हा चुकीचा. आणि खाली ओळ आली की आणखी एकदा चुकलं तर संगणक तासाभरासाठी बंद होईल. हा नियमही साहेबांनीच बसवला होता आणि तो बसवला त्या दिवशी ते फार खूश होते.

"तुम्ही नीट ऐकलंत ना?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, मी कानांचा डॉक्टर नसलो तरी बहिराही नाही! तुमचाच अर्धा चुकत असेल."

"माझा? माझी किल्ली आजवर चुकलेली नाही!"

बोलले खरे, पण साहेबांची पाचावर धारण बसली होती. तासाभराने संगणक उघडून उपयोग काय? तोवर बाई भरल्या सभागृहात, कोऱ्या पडद्यासमोर उभ्या असणार. घड्याळामागचा तो उड्या मारणारा कोळी त्या शास्त्रज्ञांना दाखवायचा म्हणून त्यांनी किती दुपारी स्टुलावर उभं राहून काढल्या होत्या! आणि आता नवऱ्याच्या बंदोबस्तामुळे तो कोणाला दिसणार नव्हता. साहेबांनी तत्त्व गिळलं आणि फोन चालू केला. तो हातात धरवेना, इतके बाईंचे निरोप त्यावर येऊन आदळत होते. त्यांनी नंबर लावला.

"अगं, उघडत नाहीये. एकच संधी राहिलीय. माझा अर्धा टाकला, तुझा टाकला—"

"तुमचा टाकू नका," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

पलीकडून टाळ्यांचा आवाज आला. आधीच्या वक्त्याचं संपत आलं होतं.

"अहो, मागच्या उन्हाळ्यात तुम्ही तुमचा अर्धा बदललात आणि दुसऱ्या दिवशी विसरलात. किती वेळा टाकलात, तरी लागेना. तुम्ही म्हणालात, 'तुझाच चुकतोय.'" बाई भराभर बोलत होत्या. "तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी माझ्या मोबाइलवर कोड मागवून सगळाच पासवर्ड नवा केला. तेव्हापासून तुम्ही काहीही टाका, मी ते पुसते आणि माझा पूर्ण टाकते. डॉक्टरांसमोर कसं सांगणार होते मी हे? रागावलात?"

साहेबांना लागलं. खोटं कशाला बोला, चांगलंच लागलं. रोज सकाळी ते गंभीर चेहऱ्याने जे काही टाकत होते, ते सगळं पाण्यात जात होतं. आणि 'ह्यांना' म्हणजे कोणाला, तेही आता लख्ख उमगलं. पण त्याच वेळी त्यांना हेही दिसलं की विसरलेल्या माणसाला विसरला म्हणायचं नाही, यासाठी बाई रोज एवढा खटाटोप करत होत्या. सासरमाहेरात, शेजारीपाजारी, कुठेही अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

"राग नंतर," साहेब म्हणाले. "तू स्टेजवर जा. फोटो येतायत."

त्यांनी ते वाक्य, एकटंच, सावकाश टाकलं. संगणक उघडला. त्यांनी फोटो पाठवले, आणि मग साहेब आणि डॉक्टर खुर्च्या ओढून संगणकावरच व्याख्यानाचं थेट प्रक्षेपण बघायला बसले.

बाई बोलल्या मात्र अशा की मागच्या बाकावरची पेंगणारी माणसंसुद्धा सरसावून बसली. घड्याळामागचा कोळी सभागृहाच्या पडद्यावर दरवाजाएवढा दिसला. तो जाळं विणत नाही, दबा धरतो आणि झेप घेतो, हे सांगताना बाईंनी स्वतःच टेबलामागून इतकी झोकात उडी मारली की डॉक्टरांनी घरात बसून टाळ्या वाजवल्या. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि "पडद्यावर फार उजेड आहे," असं कोणी न विचारताच सांगितलं. शेवटी एका पांढऱ्या दाढीच्या शास्त्रज्ञाने उठून विचारलं, "इतक्या वर्षांचं काम घरच्या संगणकावर तुम्ही सुखरूप ठेवलंत कसं?"

"आमच्याकडे त्याला हेड कॅशियर आहेत," बाई म्हणाल्या.

डॉक्टर साहेबांकडे बघायला लागले. साहेब छताकडे.

बाई घरी आल्या त्या जरा बिचकतच. पायातली चप्पल काढायलाही त्यांनी वेळ लावला.

"उन्हाळ्यापासून?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"रोज? माझ्या पाठीमागे?"

"तुम्हीच फिरवायचात ना पाठ."

साहेब ताडकन उठले, बाहेर गेले आणि जिन्यात उभे राहून त्यांनी खच्चून हाक मारली. "डॉक्टर! अहो, बाहेर या! सगळे बाहेर या!"

डॉक्टर आले. वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या, खालचे शिंपी गळ्यात टेप घेऊन वर आले.

"सबंध नोकरीत माझी तिजोरी कोणाला फोडता आली नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज अभिमानाने नुसता थरथरत होता. "मोठमोठे भामटे हात टेकून गेले. आणि ही बाई! रोज फोडत होती. भरदिवसा, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि मला पत्ता लागू दिला नाही! आहे का कोणाच्या घरी असं माणूस?"

बाई दाराआड उभ्या राहून लाजत होत्या. काकूंना सगळं नीट समजलं नव्हतं, पण प्रसंग आनंदाचा आहे एवढं कळलं. त्या पुढे झाल्या. "अभिनंदन हो, कॅशियरसाहेब! व्याख्यान फारच छान झालं म्हणे बाईंचं."

"व्याख्यान?" साहेबांनी हात झटकला. "ते होणारच होतं छान. मी चोरीबद्दल सांगतोय!"