चोचीपुरती फट

एका जंगलात निवृत्तीचं वय ठरलेलं होतं, पण निवृत्त झाल्यावर दिवसभर करायचं काय, हे मात्र कुणीच ठरवलेलं नव्हतं. त्या जंगलात, एका उंच बेहड्याच्या झाडावर, धनेश पक्ष्यांचं एक जोडपं राहायचं. नवऱ्याचं नाव दिगंबरराव आणि बायकोचं कुमुदबाई.

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुर्ची घेतली तरी चालेल. गोष्ट तुमचीच आहे.

तर धनेशांची एक रीत असते. अंडी घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत जाऊन बसते. नवरा चिखल आणून देतो आणि दोघं मिळून ढोलीचं तोंड लिंपून टाकतात. फक्त एक उभी फट ठेवतात, चोचीपुरती. मग तीन-चार महिने बायको आत आणि नवरा बाहेर. तो फळं आणतो, फटीतून देतो. ती चोच पुढे करते, घेते. पिल्लं मोठी झाली की भिंत फोडायची, की झाला त्या वर्षीचा संसार.

दिगंबररावांनी आणि कुमुदबाईंनी असे अठ्ठावीस हंगाम काढले. एकदाही भांडण झालं नाही. भांडायला दोघांनी एका जागी असावं लागतं.

अठ्ठावीस हंगाम पुरे झाले आणि दिगंबरराव नियमाप्रमाणे निवृत्त झाले. सिंहाच्या दरबारात निरोपसमारंभ झाला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. सिंह भाषणात म्हणाला, "दिगंबररावांनी आता कुटुंबाला वेळ द्यावा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुटुंब मागच्या रांगेत बसलं होतं, त्याला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दिगंबरराव वेळ देऊ लागले.

ते सकाळपासून ढोलीच्या तोंडाशीच बसत. त्यामुळे आत अंधार पडे. अंधारात कुमुदबाईंच्या पायाला काही लागलं की ते बाहेरून म्हणत, "बघून चालावं माणसानं." एक दिवस ते आत आले. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी ढोली आतून पाहिलीच नव्हती. त्यांनी मान फिरवून सगळीकडे पाहिलं.

"ही उंबरं इथे का ठेवलीस?" त्यांनी विचारलं.

"तिथेच ठेवते मी."

"पिकलेली पुढे ठेवावीत, कच्ची मागे. साधी गोष्ट आहे."

त्यांनी सगळी उंबरं काढून पुन्हा लावली. संध्याकाळी कुमुदबाईंना एकही सापडेना. सापडलं तेव्हा त्यात मुंग्या होत्या.

"तुझं बरं होतं," दिगंबरराव एकदा सहज म्हणाले. "चार चार महिने बसून खायचं."

आता त्या काळोख्या भोकात, पंख उघडता येत नाहीत अशा जागेत, कुमुदबाईंनी एका वेळी दोन-दोन पिल्लं वाढवली होती. उलट त्यांना वाटायचं, याचं तरी काय वाईट होतं? चार चार महिने रानभर हुंदडायचं. मुलांनो, संसारात प्रत्येकाला दुसऱ्याची बाजू सावलीतली वाटते.

कुमुदबाईंची एकच इच्छा होती. समुद्र बघायची.

जंगलाच्या पश्चिमेला एक कडा होता. हवा स्वच्छ असली की तिथून समुद्राची रेघ दिसे. हे कुमुदबाईंना फटीतून कळलं होतं. दिगंबरराव फळ देताना सांगत, "आज समुद्र दिसला हो." त्या अंधारात उंबर खात ऐकायच्या आणि ठरवायच्या, एकदा सुटले की जाईन, एकटी बसेन आणि डोळे भरून बघेन.

पण दरवर्षी भिंत फुटली की पिल्लांमागे धावण्यातच पुढचा हंगाम येई. आता मात्र त्या खऱ्या सुटल्या होत्या. एका दुपारी त्यांनी पंख झटकले.

"कुठे निघालीस?" दिगंबरराव म्हणाले.

"कड्यावर जाऊन येते जरा."

"थांब, मीही येतो. तुला वाट माहीत नाही."

वाट सरळ होती. दिगंबररावांनी ती वळणावळणानं दाखवली. कोणतं झाड कुणाचं, पूर्वी इथे काय होतं, वारा कुठून घ्यायचा, सगळं सांगितलं. समुद्र दिसायच्या आधीच त्यांनी तो समजावून सांगून संपवला. मग दिसला. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" ते म्हणाले. "झालं ना बघून? चल आता, ऊन उतरतंय."

त्या रात्री कुमुदबाईंनी मनाशी विचार केला. माणूस वाईट नाही. उलट फार चांगला आहे. पण हा असा दिवसभर चांगला राहिला तर मी वर्षभरात मरेन.

सकाळी त्या ढोलीत जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, चिखल आणा."

अठ्ठावीस वर्षांची सवय. दिगंबरराव विचार करण्याआधीच उडाले आणि चोचभर चिखल घेऊन आले. पुन्हा गेले, पुन्हा आणला. दुपारपर्यंत भिंत झाली. फट ठेवली. संध्याकाळी त्यांनी फटीतून पहिलं उंबर दिलं, तेव्हा त्यांची मान निवृत्तीनंतर पहिल्यांदा ताठ होती. कशासाठी भिंत, हे त्यांनी विचारलं नाही.

जंगलानं मात्र विचारलं. जंगलाला दुसरं काम काय?

"या वयात?" माकडं म्हणाली. "कमाल आहे बुवा दिगंबररावांची," म्हातारा गवा म्हणाला. दिगंबररावांना रस्त्यात भेटून लोक हसत, पाठीवर थाप मारत. ते नाहीही म्हणत नसत आणि होही म्हणत नसत. जरा छाती पुढे काढून फळं तोडत एवढंच.

बातमी पलीकडच्या डोंगरावर लेकीला कळली. लेक शरयू तडक आली आणि फटीला तोंड लावून म्हणाली, "आई, मला खरं काय ते सांग. माझ्या सासरी तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

"अंडंबिंडं काही नाही गं," आतून कुमुदबाई म्हणाल्या. "विश्रांती घेतेय."

"मग बाबांना सांगितलंस का?"

"त्यांनी विचारलंय का?"

शरयूनं थोडा वेळ विचार केला. तिचाही नवरा कधीतरी निवृत्त होणार होता. जाता जाता तिनं फक्त भिंतीची जाडी मोजून घेतली.

आता खरी गंमत ऐका. ढोलीची मागची बाजू जुनी होती. भिंत झाल्यावर आठ दिवसांनी कुमुदबाईंची चोच लागली आणि मागचं कुजकं लाकूड भुसकन खाली पडलं. चांगलं मोठं भोक झालं. त्यातून पश्चिमेचं आभाळ दिसत होतं.

शेजारच्या फांदीवर गोदाताई राहायच्या. गोदाताई म्हणजे शेकरू, झुपकेदार शेपटीच्या, अंगानं भरलेल्या आणि खाण्याच्या शौकीन. कुमुदबाईंनी त्यांना मागच्या भोकातून आत बोलावलं.

"गोदाताई, दुपारी दोन तास इथे बसायचं. ते समोर बोलत बसतात. अधूनमधून हं म्हणायचं. जी फळं येतील ती तुमची."

"आणि त्यांनी काही विचारलं तर?"

"ते विचारत नाहीत, सांगतात."

अशी व्यवस्था लागली. दुपार झाली की कुमुदबाई मागच्या भोकातून, जमेल तितक्या हळू, निघून जात. कड्यावर बसत. समुद्र बघत. कुणी काही समजावून सांगत नसे. समुद्र त्यांना दर दिवशी वेगळा दिसे आणि आवडे. आपण आयुष्यात पहिल्यांदा सुखी आहोत असं त्यांना वाटे, आणि त्याची थोडी लाजही वाटे.

इकडे दिगंबरराव फटीपाशी बसून बोलत. आधी उंबराविषयी, मग हवेविषयी, मग हळूहळू आपल्याविषयी. आतून "हं" येई. इतकं शांतपणे त्यांचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. गोदाताई दिवसेंदिवस गोल होत चालल्या होत्या.

एका दुपारी कड्यावरून उडताना वाऱ्याचा झोत आला आणि कुमुदबाईंच्या डाव्या पंखात लचक भरली. उडता येईना. मग त्या या फांदीवरून त्या फांदीवर, उड्या मारत, पाय ओढत परत निघाल्या. उशीर होत होता. दिगंबररावांना कळलं तर सगळं संपलं. भिंत पडेल, कडा जाईल आणि पुन्हा सकाळ-संध्याकाळ उंबरांची रांग.

बेहड्याच्या मागच्या फांदीवर त्या पोचल्या तेव्हा समोरून दिगंबररावांचा आवाज येत होता.

"आज उशीर होतोय, गोदाताई. अजून आवाज आला नाही."

गोदाताई सवयीनं "हं" म्हणाल्या. मग त्यांना आपलं नाव ऐकू आलं आणि तोंडातलं फळ खाली पडलं.

"कसला आवाज, भाऊ?" त्या चाचरत म्हणाल्या.

"तिच्या पंखांचा. धनेशाचे पंख आहेत ते, पलीकडच्या खोऱ्यात ऐकू जातात. तिला वाटतं ती हळू उडते."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. शिवाय मी लागोपाठ तीन वाक्यं बोललो आणि तिनं एकही खोडलं नाही. तेव्हाच कळलं, आत दुसरं कुणीतरी आहे."

"मग बोलला का नाहीत?"

दिगंबररावांनी आणखी एक उंबर फटीतून आत सरकवलं.

"बोललो असतो तर ती भिंत पाडून बाहेर आली असती. मग मी काय करायचं होतं? चोचीत फळ नसलं की तिच्यासमोर कसं बसायचं, मला येत नाही हो. अठ्ठावीस वर्षांत शिकायची वेळच आली नाही. घरात बसलो तर तिला छळतो, ते मलाही दिसतं. पण थांबता येत नाही. आत्ता बरं आहे. ती समुद्र बघते, मी फळं आणतो. तुम्ही तिला बोलू नका. मला फसवलं असं वाटतंय तिला, तर वाटू दे. खुशीत असते."

मागच्या फांदीवर कुमुदबाईंचे डोळे भरून आले. या माणसावर आपला किती जीव आहे, हे त्यांना इतक्या वर्षांनी फांदीच्या आडून कळलं. लगेच त्यांना रागही आला. रोज जीव मुठीत धरून, श्वास रोखून उडायचं, आणि या गृहस्थांनी ऐकत बसायचं? फसवून घेण्यातसुद्धा यांनी आपलंच पुढे दामटलं.

त्या मागून आत शिरल्या. गोदाताईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, उरलेली दोन उंबरं उचलली आणि निघून गेल्या.

"अहो," कुमुदबाई फटीतून म्हणाल्या.

दिगंबरराव दचकले. त्यांनी आकाशाकडे पाहिलं, मग फटीकडे. पंख वाजले नव्हते.

"काय गं?"

"डाव्या पंखात लचक भरलीय. आठ दिवस उडता यायचं नाही."

बंद ढोलीत बसून पंख कसा लचकतो, हे दिगंबररावांनी विचारलं नाही. पण स्वभावाला औषध नसतं.

"त्या कड्यावर वारा डावीकडून येतो," ते म्हणाले. "उजवीकडून उडावं. मी तेव्हाच सांगितलं होतं."

आपण काय बोलून गेलो, हे दिगंबररावांना कळलं, पण आता उशीर झाला होता.

"कधीपासून ऐकताय?" कुमुदबाईंनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. तू?"

"आज. पण सगळं ऐकलं."

दिगंबररावांनी मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "मग भिंत पाडू का?"

कुमुदबाईंनी आतून भिंतीवर चोच टेकवली. सुकून घट्ट झाली होती, चांगली मजबूत होती. बाहेरच्या बाजूला अगदी त्याच ठिकाणी दिगंबररावांनी पाठ टेकली होती, त्याची ऊब आत येत होती. एवढ्या जवळ ते दोघं कधी बसले नव्हते.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "राहू दे. आपलं आत्ताच कुठे जमायला लागलंय."

तात्पर्य : नवरा-बायकोत कसलाही आडपडदा नसावा, असं लग्नात आलेली वडीलधारी मंडळी सांगतात. ही मंडळी स्वतः दुपारी कुठे असतात, ते त्यांच्या घरी विचारावं. निवृत्तीनंतर घरात एक चांगली जाड भिंत असावी, तिला चोचीपुरती फट असावी, मागे एक भोक असावं आणि ते दोघांनाही ठाऊक असावं. आणि मुलांनो, शेजार खादाड असावा.