रिकामी खेप

दूधवाला रोज सकाळी भिमाजी गायकवाडांच्या फाटकातून आडवा होऊन आत येई, कारण सरळ यायला जागाच उरली नव्हती. फाटक आणि घराची पायरी यांच्यामध्ये जेवढं अंगण होतं, तेवढं सगळं पिकअपने व्यापलं होतं. काळीभोर, डबल केबिनची, माणसाच्या कमरेपर्यंत येणाऱ्या चाकांची आणि मागे लांबरुंद मोकळा हौदा असलेली गाडी. लोणावळ्याच्या त्या अरुंद गल्लीत ती अशी दिसे, की कुणीतरी हत्ती आणून बांधला आहे आणि आता त्याला काय खायला घालायचं हे कुणाला सुचत नाही.

भिमाजींनी सारी नोकरी एका शाळेच्या ग्रंथालयात काढली होती. तिथे त्यांना कधी आवाज चढवावा लागला नाही. गोंगाट झाला की ते स्वतःच इतके ओशाळत, की त्यांच्याकडे बघून मुलंही ओशाळत आणि गप्प बसत. निवृत्तीनंतर ते एक छोटीशी मोटार बघायला गेले होते. शेजारी ही पिकअप उभी होती. विक्रेत्याने विचारलं, "सर, बसून बघता का?" नाही म्हणायला भिमाजींना संकोच वाटला, म्हणून ते वर चढून बसले. आणि मग त्यांना उतरावंसंच वाटेना. इतक्या उंचावरून त्यांनी जग कधी पाहिलं नव्हतं. समोरची माणसं मान वर करून त्यांच्याकडे बघत होती.

ही गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. सांगण्यासारखं ते कारण आहे का, याची त्यांना स्वतःलाच शंका होती.

"अहो, पण वाहायचं काय आहे तुम्हाला?" त्यांच्या पत्नी अनिताबाई दर दोन दिवसांनी विचारत.

"नाही, म्हणजे... लागलं तर असावी."

"काय लागणार आहे?"

भिमाजींनी बरेच दिवस विचार करून एक उत्तर तयार केलं होतं. "घरात शब्दकोश असतो की नाही? त्यातले सगळे शब्द कुठे आपण वापरतो? तरी तो जाडच घ्यावा लागतो."

"शब्दकोश फाटकात आडवा उभा राहत नाही," अनिताबाई म्हणाल्या, आणि एवढ्या कष्टाने तयार केलेलं उत्तर एका घासात संपलं.

शेजारचे प्रदीपराव रेल्वेतून निवृत्त झाले होते. माल किती वॅगन आला आणि किती गेला हे बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. रोज संध्याकाळी ते भिंतीवर कोपर टेकून विचारत, "काय सर, आज काय माल?"

भिमाजींना खोटं बोलता येत नसे. ते म्हणत, "पाव. आणि कोथिंबीर."

"हौद्यात की पुढे?"

"पुढेच. मागे उडून गेली असती."

शेवटी पुण्याहून मुलाचा, संदेशचा फोन आला. त्याने गाडीला गिऱ्हाईक बघितलं होतं. रविवारी तो त्याला घेऊनच येणार होता. ते ऐकून भिमाजी जेवणावरून लवकर उठले आणि अंगणात जाऊन गाडीचे आरसे पुसत राहिले. अनिताबाईंनी खिडकीतून ते पाहिलं. बाई बोलायला तिखट असल्या तरी न्यायाच्या होत्या.

"हे बघा," त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "टाकव्याहून आईकडचा तांदूळ यायचाय. अख्ख्या गल्लीचा. दरवर्षी नथूच्या टेम्पोतून येतो. यंदा तो तुमच्या गाडीने वाहून दाखवा. वाहिला, तर मी संदेशला नको म्हणून कळवते. नाही वाहिला, तर रविवारी किल्ली द्यायची. कबूल?"

भिमाजींनी मान डोलावली. प्रश्नपत्रिका आधीच हाती पडलेल्या मुलासारखं त्यांना वाटलं. गाडीची माहितीपुस्तिका त्यांनी तीनदा वाचली होती. ही पोती म्हणजे गाडीला चणे-फुटाणे.

अनिताबाईंनी आईला फोन केला, "हे येतायत गाडी घेऊन." आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला. कारण टाकवे बुद्रुकच्या धोंडाबाईंच्या हिशेबाने जावई येतो तो पाहुणा म्हणून. त्याला जेवू घालायचं, बसायला गादी द्यायची. तांदळाचा आणि त्याचा संबंध काय? त्यांनी दरवर्षीप्रमाणे नथूला सांगावा धाडला.

शनिवारी सकाळी पिकअप दारात उभी राहिली तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या धोंडाबाई काठी विसरून बाहेर आल्या. त्यांनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. पदराने दिवा पुसला. मग दारावर हात ठेवून म्हणाल्या, "जयभीम, जावईबापू. ही तुमची? आख्खी?"

"हो," भिमाजी ओशाळून म्हणाले. "जरा मोठीच आहे."

"मोठी हाय म्हनून तर बगाया आले! चला, मला बसवा म्होरं. गावातनं एक चक्कर मारू."

त्यांना वर चढवायला उलटं घमेलं ठेवावं लागलं. पण एकदा बसल्यावर त्या अशा बसल्या, जणू गाडी त्यांनीच सांगून बनवून घेतली होती. "सावकाश घ्या. हितं थांबा. रेणुकाचं घर हाय, ती बघंना आजून. भोंगा वाजवा."

"आई, भोंगा... मी सहसा वाजवत नाही."

"मग ठिवलाय कशाला?"

भिमाजींनी डोळे मिटून भोंगा वाजवला. रेणुकाबाई दारात आल्या, त्यांच्यामागे सुना आल्या, आणि धोंडाबाईंनी खिडकीतून नुसता हात वर केला. अख्खं गाव फिरून ते परत येईपर्यंत नथू सगळी पोती आपल्या टेम्पोत रचून, दोर आवळून, ओट्यावर चहा पीत बसला होता.

भिमाजी उतरून टेम्पोकडे गेले. "आई, ती पोती... खरं म्हणजे माझ्या... हौद्यात जागा आहे तशी..."

धोंडाबाईंनी कपाळाला हात लावला. "अवो, जावयाच्या गाडीत पोती? गाव काय म्हनंल? धोंडीनं जावयाला हमाल केला म्हनंल! आन असल्या चकचकीत गाडीत कोंडा सांडू व्हय मी? नथू, ध्यान दे रं. जावयाच्या गाडीत येक जरी पोतं दिसलं, तर फुडच्या सालापास्नं तुजं भाडं बंद."

"न्हाई मावशी, माजी काय टाप हाय!" नथू म्हणाला.

जावयाचा उतरलेला चेहरा बघून म्हातारीला वाटलं, रिकाम्या हाताने पाठवतोय म्हणून तो रुसला. त्यांनी घरातून एक वाकळ आणली, ती चौघडी करून हौद्याच्या मधोमध अंथरली आणि तिच्यावर कोंड्यात खोचलेल्या गावठी अंड्यांची टोपली ठेवली. "रिकामी जाऊ ने म्हनून," त्या म्हणाल्या आणि मागचा फाळका अलगद लावून घेतला.

टनभर ओझं नेणारी ती गाडी अंडी घेऊन निघाली, आणि अंडी फुटू नयेत म्हणून सायकलच्या वेगाने चालली. कान्हे फाट्याच्या अलीकडेच नथूने त्यांना मागे टाकलं आणि जाता जाता सलाम केला. भिमाजींनी सलाम घेतला. रविवारी संदेशला किल्ली देताना आपण हसत द्यावी की नुसतीच द्यावी, याचा ते विचार करत होते.

कामशेतच्या खिंडीच्या चढावर टेम्पो कडेला उभा दिसला. तोंडातून वाफ निघत होती आणि चाकाखाली धोंडा होता.

"चढंना, सर," नथू घाम पुसत म्हणाला. "दर साली रडत रडत चढतोया. यंदा बसकनच मारली."

भिमाजींचं मन एकदम उसळलं. "मग आपण पोती माझ्या गाडीत घेऊ!"

"मावशीला कळलं तर? आन उचलनार कोन? माजी कंबर त्या पोत्यांनीच धरलीया."

भिमाजींनी बाह्या सारल्या आणि एका पोत्याला मिठी मारली. पोतं हललं नाही. भिमाजी हलले. नथूने त्यांना मागून धरलं.

"ऱ्हाऊ द्या, सर. तुमास्नी काय झालं तर मावशी मला जित्ता सोडायची न्हाई. टोचन लावता का? दोर हाय माज्याकडं."

टोचन! माहितीपुस्तिकेत बंद गाडी दोराने ओढून नेण्यावर एक संपूर्ण प्रकरण होतं. दोर कुठल्या कडीला बांधायचा, ते भिमाजींना चित्रासकट पाठ होतं. त्यांनी अंड्यांची टोपली उचलून शेजारच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला. मग गाडी टेम्पोच्या पुढे घेतली, कडी शोधली, गाठ नथूकडून मारून घेतली. चारही चाकांना जोर देणारं एक बटण होतं. आजवर त्यांनी ते फक्त पुसलं होतं. आता ते फिरवलं. ब्रेकवरचा पाय हळूहळू सोडला.

दोर ताणला गेला. गाडीने आवाज थोडासा खाली उतरवला, एखादा थोर गवई खर्जात जातो तसा, आणि ती निघाली. ना हिसका, ना धक्का. मागे टेम्पो, टेम्पोत गल्लीचा वर्षाचा तांदूळ आणि सुकाणूला चिकटलेला नथू, हे सगळं घेऊन ती तो चढ अशी चढली, जणू मागे काही आहे हे तिला कुणी कळवलंच नव्हतं. अंडी जागची हलली नाहीत. भिमाजी आरशात बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं. एवढं बळ अंगात असूनही ही बिचारी इतके महिने पाव आणत राहिली, एका शब्दाने बोलली नाही! त्यांना तिच्याबद्दल फार आदर वाटला.

कार्ला फाटा मागे पडला तेव्हा ते मनाने गल्लीत पोचलेसुद्धा होते. अनिता पायरीवर उभी असेल. प्रदीपराव भिंतीवर असतील. विचारतील, काय सर, आज काय माल? आपण काहीच बोलायचं नाही. नुसतं मागे बोट दाखवायचं.

वळवणजवळ मागून नथूच्या हाका ऐकू आल्या. भिमाजी थांबले.

नथू खिडकीशी येऊन उभा राहिला. तो पायाच्या अंगठ्याने रस्ता खरवडत होता. "सर, येक इनंती हाय. आता इंजिन थंड झालंय, हितनं पुडं सपाटीच हाय, जाईल त्यो आपल्या पायानं. गल्लीत मला वडत नगा निऊ."

"का रे?"

"तितं समदी माजी गिऱ्हाइकं. आज तांदूळ, उंद्या कुनाचं कपाट, परवा कुनाचं बिऱ्हाड. टेम्पो टोचन लावून आला म्हनले, की संपलं. मंग कोन बोलावनार मला?"

भिमाजींनी दोराकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. गाडी राहण्याची जी काय आशा होती, ती त्या दोराच्या दोन गाठींत होती. त्यांना वाटलं, आपण खंबीर माणूस असतो तर काहीतरी वेगळं बोललो असतो. पण ते खाली उतरले आणि गाठ सोडू लागले.

"तू पुढे हो," ते म्हणाले. "मी मागून येतो."

गल्लीत आधी टेम्पो शिरला. लोक पिशव्या, पिंपं घेऊन वाटच बघत होते. त्यामागून पिकअप शिरली आणि भिमाजी हातात टोपली घेऊन उतरले. प्रदीपरावांनी हौद्यात डोकावून पाहिलं. तिथे फक्त वाकळ होती.

"वा, सर! तांदूळ टेम्पोत, आणि हत्तीवरून अंडी!" गल्ली खो खो हसली. "नथ्या, याला म्हणतात गाडी! एवढं ओझं घेऊन खिंड चढलास?"

नथू फाळक्याची कडी चाचपू लागला. "च... चढली की."

सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याचा चेहरा बघून भिमाजींना राहवलं नाही. "चढली, चढली," ते घाईघाईने म्हणाले. "झकास चढली. मी स्वतः पाहिली ना, सबंध खिंडभर. आरशात."

प्रदीपराव तोवर पोत्याची शिवण उसवून तांदळाचा वास घेत होते. बाकीचेही पोत्यांकडे वळले होते. एकट्या अनिताबाई हलल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. आरशात दिसायला टेम्पो मागे असावा लागतो. आणि रखडत चढणाऱ्या टेम्पोच्या पुढे, त्याच्याच वेगाने, सबंध खिंडभर माणूस उगाच गाडी चालवत नाही. मग त्यांनी नथूकडे पाहिलं. नथू मान खाली घालून दोराचं वेटोळं सीटखाली कोंबत होता.

अनिताबाईंनी पदराला हात पुसले आणि तिथेच, सगळ्यांसमोर, संदेशला फोन लावला. "उद्या त्या माणसाला आणू नकोस. गाडी विकायची नाही."

पलीकडून संदेश बरंच काही बोलत असावा.

"का म्हणजे? तुझ्या बाबांना ती आवडते म्हणून."

भिमाजींचे कान लाल झाले. इतके महिने जे कारण सांगायचा त्यांना धीर झाला नव्हता, ते बायकोने भर गल्लीत मोठ्याने सांगून टाकलं होतं.

"म्हणजे वहिनी," प्रदीपरावांनी पोत्यावरून डोकं वर काढलं, "उपयोग तसा काही नाही, हे तुम्हालाही पटलं तर!"

"काडीचा नाही," अनिताबाई ठामपणे म्हणाल्या आणि टोपली घेऊन आत गेल्या.

लोक तांदूळ घेऊन पांगले आणि भिमाजींनी पिकअप अंगणात घेतली. नथूने टेम्पोचा फाळका लावला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच भिमाजींच्या जवळ सरकला.

"सर, फुडच्या सालीबी मावशीकडं येनार न्हवं तुमी? तांदळाच्या टायमाला?"

"येईन की," भिमाजी म्हणाले.

"रिकामंच?"

"रिकामाच," भिमाजी म्हणाले, आणि फाटक लावायला आडवे होऊन गाडीपलीकडे गेले.