तक्रारीचे स्वरूप थोडक्यात लिहा

ज्याने उभं आयुष्य लिहिण्यात घालवलं, त्याचं वेबसाइटवरच्या चार चौकटींपुढे अडणं शक्यच नाही. हे मी आमच्या हिला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं. आत सिंकखालचा पाइप फुटला होता आणि सांगता सांगता माझे मोजे भिजत होते.

"आधी वरचा कॉक फिरवा. जाम आहे, माझ्याने हलत नाही."

"आधी नोंद. हल्ली प्लंबर फोनवर येत नाहीत, वेबसाइटवर येतात."

सगळं भरून बटण दाबलं. पान लाल झालं. 'मोबाइल क्रमांक अवैध.' शिवाय नापास पोराची पाटी पुसावी तसं भरलेलं सगळं पुसून टाकलेलं! पुन्हा भरलं, पुन्हा लाल. लेकीला फोन लावला.

"बाबा, आकडे मराठीत टाकलेत का?"

"मग? अर्ज मराठीतच आहे."

"अर्ज मराठीत असू दे, आकडे इंग्रजीत टाका. आणि आईला फोन द्या."

"आई कामात आहे." ही बादली लावत होती.

आकडे पास झाले. तक्रारीत लिहिलं, 'पाइप फुटला आहे.' लाल. 'किमान शंभर अक्षरे लिहा.' इथे मात्र मी खुललो. कित्येक वर्षांत माझ्याकडे कुणी जास्त मजकूर मागितला नव्हता. पाइपचं बालपण, त्याला चढलेला गंज, सिंकने केलेली उपेक्षा, सगळं मन लावून लिहिलं. लाल. 'कमाल दोनशे.' आणि पाटी कोरी. पाठ होतं म्हणून पुन्हा उतरवलं.

"काहीतरी कापा हो," ही म्हणाली.

"गंज काढला तर फुटण्याला अर्थ उरत नाही."

"पाणी बाहेरच्या खोलीत आलंय."

"मग तेही घालायला हवं."

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका. गळ्यात टेप, डोक्यावरून पाणी, हातात अर्धा शिवलेला ओला कोट.

"दुपारी गिऱ्हाईक घालून बघायला येणार आहे. वर काय चाललंय?"

"अर्ज," ही म्हणाली.

काका स्टुलावर चढले, कॉक फिरवला. पाणी थांबलं. "वहिनी, इस्त्री तापवा," म्हणत कोट हिच्या हवाली केला.

आणि त्याच क्षणी पान हिरवं झालं. 'तक्रार नोंदली. प्लंबर तीन दिवसांत येईल.'

कोट वाळवून काकांना दिल्यावर ही फडकं घेऊन माझ्या खुर्चीशी बसली.

"गंजासकट बसवलं दोनशेत. वाचून दाखवू?"

"नको. तेवढे पाय वर घ्या."