पाचवी मागणी

विळ्याला परवाना लागणार नाही ना, अशी चौकशी गणपतराव काका दर सहा महिन्यांनी माझ्याकडे करतात. डोंगरकडा गावात माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. सरकारच्या मनात काय शिजतंय ते प्रिंटरमधून आधी मला कळतं, असा त्यांचा समज.

"आज बंदूक मागून राहिले, उद्या विळा मागतील, परवा अडकित्ता. मंग सुपारी काय दातानं फोडायची?"

काकांना दात चार. त्यामुळे प्रश्न गंभीर आहे.

काका 'पंचक्रोशी परवानाधारक बंदूकधारी संघटने'चे संस्थापक अध्यक्ष. रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून परवाना मिळालेली त्यांची ठासणीची बंदूक आहे. तिच्यातून त्यांनी आयुष्यात तीन बार काढले, तिन्ही हवेत. तिसऱ्याला शेजाऱ्याच्या पपया पडल्या. त्या त्यांनी टोपलीत भरून स्वतः नेऊन दिल्या. डुकरं आजही भुईमुगात येतात, काकांकडे बघतात आणि उकरत राहतात.

एकेकाळी संघटनेत अकरा जण होते. मग कुणी वारलं, कुणाच्या पोरांनी कुंपणाला झटका मशीन बसवून बंदूक सरकारला परत केली. सभासद गळत गेले तसतशी निवेदनं वाढत गेली. ती सगळी मीच टाइप केली आहेत. मागण्या ठरलेल्या पाच: परवान्याच्या नूतनीकरणाला चकरा मारायला लावू नयेत, बंदुकीची दारू तालुक्यात मिळावी, डुकरानं केलेल्या नुकसानीचा पंचनामा त्याच आठवड्यात व्हावा, परवानाधारकाला ठाण्यात बसायला खुर्ची द्यावी. आणि पाचवी: निवडणुकीआधी बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, त्यासाठी सर्वांना एकाच दिवशी बोलवावं.

ही पाचवी मला फालतू वाटायची. एकदा कागद पुरेना म्हणून मी ती उडवली. काका तडकले. "वरच्या चार काट! पाचवीला हात लावायचा न्हाई!"

फोन हातात आल्यावर काकांना अमेरिका सापडली. तिथं बंदूकवाल्यांची म्हणे एवढी मोठी संघटना, की तिला विचारल्याबिगर खासदार शिंकत नाही. महिनाभर काका छाती काढून चालले. "आपलं काम बराबर चालू हाय, ताई. फक्त देश चुकला."

"तिथं त्याच बंदुकांनी शाळेत लेकरं मरतात, काका," मी म्हणाले.

काकांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "लेकरावर? लेकरावर काहून बार टाकतेत? बंदूक तं डुकरासाठी असती." त्या दिवशी निवेदन न करताच उठले.

पुढं बातमी आली की त्या संघटनेचे दिवस फिरले. म्होरक्याच्या सुटाबुटाचा खर्च संघटनेच्या बोडक्यावर पडल्याचं कोर्टात निघालं, वर्गणीदार पांगले.

"सूट!" काका म्हणाले. "मी अध्यक्ष असून संघटनेचा चहा न्हाई पिलो."

"पण कायदे त्यांच्या मनासारखे झालेच की. माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत म्हणतात तिथं."

काकांनी विचार केला. "म्हंजी तिकडं संघटना बसली, बंदुका उरल्या. इकडं बंदुका गेल्या, संघटना उरली."

संघटना म्हणजे ते, एक शिक्का आणि माझा प्रिंटर.

परवा पुन्हा निवडणूक लागली. ठाण्यातल्या जमादारांचा काकांना फोन आला. "या बाजूला तुमची एकट्याचीच बंदूक राहिली, काका. तकलीफ घेऊ नका. मीच घरी येऊन घेऊन जातो."

माणूस चांगला. पण काका घरचं कुणी गेल्यासारखे दुकानात आले. "लिही. घरी येऊ नये. आमी स्वतः येऊ."

"अहो, सोयच करून राहिले ना ते?"

"सोय कोण मागितली?" मग म्हणाले, "अकरा बंदुका चादरीत गुंडाळून एका जीपमधी जायचो आमी. ठाण्याबाहेर गाड्यावर भजे. मारुती राठोडच्या जोकवर हवालदार बी हसायचा. निवडणूक संपली की आणायला पुन्हा तसंच." ते टेबलावरचा शिक्का उगाच पुसत होते. "पाचवी मागणी बदल. जुन्या सभासदाला, परवाना नसला तरी, सोबत येऊ द्यावं."

जुना सभासद आता एकच उरलाय. तांड्यावरचे मारुती राठोड. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बंदूक परत केली, तेव्हा काका भर बाजारात त्यांना 'गद्दार' म्हणाले. तेव्हापासून बोलणं बंद.

"काका, सोबत यायला परवानगी कशाला? फोन करा त्यांना."

"कसा करू? गद्दार म्हणलो ना मी." आवाज एकदम खाली आला. "सरकारी कागद गेला तं येईल तो. कागदाला न्हाई म्हणता येत न्हाई."

मी टाइप केलं. खाली माझ्या मनानं एक ओळ टाकली, 'प्रत माहितीस्तव: श्री. मारुती राठोड', आणि निवेदनाचा फोटो तांड्यावर पाठवून दिला. ठाण्यात काय पोचेल ते पोचो.

तासाभरात मारुतीकाकांचा फोन. "ताई, अध्यक्षाला सांगा, मागणी मंजूर. जीप माझी. भजे त्येच्याकडनं. गद्दार शब्द त्यानं ठाण्यात, खुर्चीवर बसून, वापस घ्यायचा."

अजून दुकानातच बसलेल्या काकांना निरोप दिला. त्यांनी मान ताठ केली. "तोंडी मंजुरी चालत नसती. लेखी द्या म्हणावं."

शिक्का खिशात घालून पायरी उतरले. पुन्हा वर आले.

"ताई, मिरचीचे म्हणला का कांद्याचे?"