माशी काढून कितीला?

खरेदी कशी करावी, हे मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय! पंपांच्या कारखान्यात अख्खा खरेदी विभाग माझ्या हाताखाली आहे. माझ्याशी भाव करून बाहेर पडलेला विक्रेता आधी घटाघटा पाणी पितो आणि मग दुसरा धंदा शोधतो. तेव्हा बायकोला एअर रायफल घ्यायची होती, तर ती कुणी घ्यायची हा प्रश्नच नव्हता. निदान मला तरी नव्हता.

बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. एखाद्या पेशंटची शीर कुणालाच सापडेना, की हिला हाक जाते आणि ही एका टोचणीत काम फत्ते करते. हात म्हणून हलत नाही! कुणीतरी ते पाहून तिला नेमबाजीच्या क्लबात नेलं. तिथली जुनी रायफल घेऊन तिने असे काही नेम मारले, की प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी संघाची निवड आहे. स्वतःची रायफल आणा, पुढचं मी बघते."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी मागितलं. साठवलेले पैसे पुढे ठेवून म्हणाली, "एवढ्यात बसेल अशी साधी रायफल हवी. मी आणू का जाऊन?"

"अगं, तू सुया टोच. खरेदी म्हणजे खायचं काम नाही!"

दुकानदार शांत स्वभावाचा होता. म्हणजे आम्ही आत शिरलो तेव्हा होता. त्याने एक रायफल काढून दिली. बायकोने ती खांद्याला लावली, गाल टेकवला आणि तिचा चेहरा खुलला. मी तिला डोळ्यांनीच दटावलं. दुकानात वस्तू आवडल्याचं दाखवणं म्हणजे आपल्या हाताने आपला गळा कापणं!

"हिच्यावर दुर्बीण बसते का?" मी विचारलं.

"बसते साहेब, पण वहिनींना ती कशाला—"

"दिसायला! दुर्बीण आणखी कशाला असते?"

बायको हळूच म्हणाली, "अहो, क्लबात कुणाच्याच रायफलीला दुर्बीण नाही."

"परवडत नसेल त्यांना!"

आता अडचण अशी, की रायफल आणि दुर्बीण मिळून बजेटच्या पार बाहेर जात होती. सगळ्यात स्वस्त दुर्बीण धरली तरी हात तोकडाच पडत होता! मग मी रायफल माझ्या पद्धतीने न्याहाळली. नळीच्या टोकावर एक लोखंडी टेंगूळ दिसलं.

"हे काय?"

"ही माशी, साहेब. मागे ही खाच. खाचेतून माशी बघायची आणि नेम धरायचा."

"आणि दुर्बीण असली तर?"

"मग माशी लागत नाही, पण—"

"मग माशी काढून कितीला?"

त्याने बरीच गिऱ्हाइकं पाहिली असतील, पण हे ऐकून तो खाली बसला. मी सोडतो की काय! घासाघीस चालू असताना त्याने डबा उघडला, जेवला, हात धुऊन आला. मी तिथेच. शेवटी माळ्यावरून त्याने एक धुळकट रायफल काढली. तिला मुळातच ना माशी, ना खाच. "दुर्बिणीसकट एवढ्यात घ्या," तो म्हणाला, "पण आता निघा!" याला म्हणतात वाटाघाटी!

"आता क्लबच्या रायफलीला हात लावायचा नाही, सवय बिघडेल," असं बजावून मी सराव घरीच ठेवला. बाल्कनीत जुनी गादी उभी केली, तिच्यावर कागदाचा गोल चिकटवला आणि बायकोला दुसऱ्या टोकाला, संडासाच्या दारात उभं केलं. पण दुर्बीण होती लांबच्या नेमाची.

"अहो, सगळं धुकंच दिसतंय."

"आणखी मागे हो!"

"मागे कमोड आहे."

"मग त्यावर चढ!"

नेम कसा धरतात ते दाखवायला मी स्वतः एक छर्रा सोडला. तो फ्रीजच्या दारात गेला. "बघ, ताकद बघ!" मी म्हणालो. फ्रीज तसाही जुनाच होता.

दर छर्ऱ्याला रायफल हिसका द्यायची आणि त्या हिसक्याने दुर्बिणीतली फुली जरा जरा तिरकी व्हायची. बायकोने तक्रार केली नाही. फुलीबरोबर तिने मान तिरकी करायला सुरुवात केली. शनिवारपर्यंत मान आखडली, पण छर्रे बरोबर गोलात! मला भारी अभिमान वाटला. माझ्या खरेदीचा.

रविवारी प्रशिक्षक बाईंनी रायफल हातात घेतली. "हे काय लावलंय?"

"दुर्बीण!" मी पुढे झालो. "किंमत ओळखा बरं!"

"या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. काढा ती."

काढली. बाईंनी नळीचं टोक पाहिलं, मागची बाजू पाहिली, मग मला पाहिलं. "माशी कुठे आहे?"

"ती... वजा केली."

 बायको नुसती त्या नळीवरून रुमाल फिरवत राहिली. डोळे भरून आले होते तिचे. खरं सांगतो, मला इतकं वाईट वाटलं, की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं!

तेवढ्यात एक दातांची डॉक्टरीण आपली फेरी संपवून आली. संघातल्या शेवटच्या जागेसाठी तिची आणि हिचीच चुरस होती. तरी तिने आपली रायफल पुढे केली. "माझी घ्या. होतं असं."

पहिले छर्रे भलतीकडेच गेले, कारण बायकोने सवयीने मान तिरकी केली होती. "मान सरळ!" बाई ओरडल्या. मग मात्र तिने एकेक छर्रा असा टोचला, की हॉलमधली कुजबुज थांबली. पण सुरुवातीचं नुकसान काही भरून निघालं नाही. एका गुणाने डॉक्टरीण संघात आणि बायको राखीव.

"राखीवलासुद्धा स्वतःची रायफल लागते," बाई तिला म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून पुढे म्हणाल्या, "माशीसकट!"

दुसऱ्या दिवशी बायको एकटीच दुकानात गेली आणि माझा चहा संपायच्या आत परत आली. हातात तीच, पहिल्यांदा गालाला लावलेली रायफल!

"जुनी परत घेतली त्याने?"

"घेतली."

"आणि ही कितीला दिली?"

तिने आकडा सांगितला. मी खुर्ची चाचपत बसलो. एवढ्या खाली तर मीही त्याला आणू शकलो नव्हतो!

"अगं, एवढी सूट? म्हणालीस तरी काय त्याला?"

"मी कुठे काय म्हणाले?" रायफल भिंतीला नीट टेकवत ती म्हणाली. "त्याने आधी दारातून बाहेर डोकावून बघितलं. मी एकटीच आलेय याची खात्री झाल्यावर त्यानेच आपणहून कमी केले."